उच्च शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र: फुल्यांच्या महाराष्ट्रात काळ्या विचारवंतांसाठी एक पेपरसुद्धा नाही?

मा. मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, तासिका तत्त्वावर. गेल्या वर्षी आम्हाला सांगण्यात आलं की नवीन शैक्षणिक धोरणात इलेक्टिव्हला भरपूर वाव आहे, तुम्ही 'काळ्यांचा विचार आणि दलित साहित्य' असा पेपर तयार करा, जूनपासून सुरू करू. मी सगळी उन्हाळ्याची सुट्टी त्यात घातली, सिलॅबस बनवला, इंग्रजी जड जाणाऱ्या पोरांसाठी उतारे मराठीत केले, झेरॉक्स स्वतःच्या पैशानं काढल्या. आणि आता कळलं की पेपर रद्द. वर्कलोड, म्हणजे शिकवायच्या तासांचं गणित, बसत नाही म्हणे. त्याच्या जागी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट.

त्याच आठवड्यात आमच्याकडे शिकणाऱ्या एका सुदानी मुलाला पार्किंगमध्ये चार पोरांनी अडवलं, माकडाचे आवाज काढले, एकानं त्याची रील केली. तो माझ्याकडे आला आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? मॅडम, तक्रार केली तर माझ्या व्हिसाला काही होईल का? मी तरी त्याला अर्ज द्यायला लावला. मग मलाच ऐकवण्यात आलं की पोरं आहेत, मस्करी केली, कॉलेजचं नाव कशाला खराब करता.

साहेब, या दोन वेगवेगळ्या बातम्या नाहीत, एकच आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. जी पोरं वर्गात काळ्या माणसाचं एक पान वाचत नाहीत त्यांना काळा माणूस फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या जोकमध्ये भेटतो.

आणि हे कुठल्या शहरात? या शहराचा पाया कोणी घातला? मलिक अंबरनं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, निजामशाहीचा वजीर झाला, १६१० च्या सुमारास त्यानं खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली, मुघलांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये पुढे सरकू दिलं नाही, आणि पाण्यासाठी नहर बांधली जिला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. त्याच्या गावात आफ्रिकेच्या पोराला माकड म्हणतात आणि मोठी माणसं म्हणतात मस्करी!

हा विषय 'बाहेरचा' आहे असं मला मीटिंगमध्ये सांगितलं गेलं. बाहेरचा कसा? १८७३ साली जोतिबांनी 'गुलामगिरी' काढली ती अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडायला झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली. तिकडे गुलामी कायद्यानं संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती आणि पुण्यात बसलेला एक माणूस म्हणत होता की आमच्या शूद्र बांधवांसाठीही असंच कुणीतरी उभं राहावं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, काळ्यांची वस्ती असलेलं हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ ला त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना स्वतःहून पत्र लिहिलं, तिथल्या काळ्यांनी युनायटेड नेशन्सला जो अर्ज दिलाय त्याच्या प्रती मागवल्या, कारण इथल्या अस्पृश्यांसाठीही तसं काही करता येईल का हे त्यांच्या डोक्यात होतं. ड्यू बॉईसनी उत्तरही दिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर झाली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच. आमच्याच शहरातल्या मिलिंद कॉलेजात म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्यांचं साहित्य आपल्या पोरांसमोर ठेवलं. नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे यांनी याच विषयावर मराठीत लिहिलं. मराठवाड्याइतकं हे काम क्वचितच कुठे झालं असेल आणि त्याच मराठवाड्यात मला वर्कलोड सांगतात.

मुलांना झेपणार नाही, हे दुसरं कारण. मी एकदा एक्स्ट्रा लेक्चर घेऊन ड्यू बॉईसचा १९०३ चा तो विचार शिकवला, की काळ्या माणसाला स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेनं बघावं लागतं, तिरस्कार करणाऱ्या जगाच्या फुटपट्टीनं स्वतःला मोजत राहावं लागतं. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची मुलगी, जी वर्षभर बोललेली नाही, म्हणाली की मॅडम, मी आडनाव सांगायच्या आधी समोरच्याचा चेहरा बघते. तिला शंभर वर्षांपूर्वीचा हार्वर्डचा डॉक्टरेट झालेला माणूस पाच मिनिटांत कळला. आणि तिथेच सवर्ण घरातला एक मुलगा म्हणाला की मला असं कधी बघावं लागलं नाही, हे माझ्या आजच लक्षात आलं. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट म्हणजे आणखी काय असतं हो?

फुल्यांशी सुद्धा वाद घालायला मुलांना शिकवायचं होतं मला. त्यांनी अर्पण केलं ते गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना, पण गुलामांनी स्वतः काय केलं? फ्रेडरिक डग्लस १८३८ ला गुलामीतून पळाला आणि पुढे आपली कहाणी आपण लिहिली, स्वतः गुलामीतून पळालेल्या हॅरिएट टबमननं परत जाऊन जाऊन माणसं सोडवून आणली, अमेरिकेच्या यादवी युद्धात पावणेदोन लाखांच्या वर काळे सैनिक लढले. कुणीतरी दयाळू येऊन सोडवतो हे अर्धं सत्य आहे, आमच्या पोरांना दुसरं अर्धं कधी मिळणार?

आता माझं. मी स्वतः काळी आहे, म्हणजे रंगानं. लग्नाच्या वयात दर रविवारी पोहे घेऊन बाहेर यायचं आणि आत जाऊन ऐकायचं की मुलगी हुशार आहे पण. त्या 'पण'वर माझी दहा वर्षं गेली. नेट झाले, पीएचडी झाले, तरी तासावर. मानधन महिनोन् महिने येत नाही, कॉलेजला विचारलं तर वर फाईल आहे म्हणतात, वर विचारलं तर कॉलेजनं बिल पाठवलं नाही. दिवाळीला आईची औषधं उधारीवर आणली मी. मे महिन्यात पगारच नाही कारण तास नाहीत, पण सिलॅबस मात्र मे महिन्यातच करायचा, फुकट. राज्यात प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा कोणी दहा हजार सांगतं कोणी बारा, खरा आकडा तुमच्याकडे असेलच, तो जाहीर करा ना एकदा. पर्मनंट माणूसच नसेल तर नवा विषय शिकवणार कोण, आणि उद्या आपलेच तास काढले जातील या भीतीत जगणारा मास्तर त्या सुदानी पोराच्या बाजूनं उभा राहणार कसा?

२०१८ पासून केंद्राचं 'स्टडी इन इंडिया' चालू आहे, परदेशी मुलांना या या म्हणून बोलावता. त्याआधीच २०१६ मध्ये दिल्लीत वसंतकुंजला काँगोच्या एका तरुण शिक्षकाला रिक्षाच्या भांडणातून मारून टाकलं, २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात मॉलमध्ये नायजेरियन मुलांना जमावानं खुर्च्यांनी बडवलं. आमच्याकडे पार्किंगपर्यंत आलंय. आणखी कशाची वाट बघायची? फी घेताना ती मुलं पाहुणे, खोली मागताना घरमालक दार लावतो, आणि अर्ज दिला की मस्करी. बाबासाहेबांची जयंती आली की सगळे पुढारी हार घेऊन येतात, पण त्यांनी ज्या माणसाला पत्र लिहिलं त्याचं नाव आमच्या एमएच्या मुलाला सांगता येत नाही. भारतीय ज्ञानप्रणाली सगळ्यांना कंपल्सरी केलीत, करा, पण मग 'गुलामगिरी' भारतीय ज्ञान नाही का? ती त्यात घाला, अर्पणपत्रिकेसकट.

मला एवढंच हवंय की विद्यार्थी किती यावरून हा पेपर मारू नका, निदान मराठवाड्यातल्या विद्यापीठांत तो चालू करायला सांगा, त्याला कायमची एक तरी जागा द्या. परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्णद्वेषाच्या तक्रारी कॉलेजबाहेरच्या समितीनं ऐकाव्यात, कारण कॉलेजला स्वतःचं नाव जपायचं असतं. आणि आमचं थकलेलं मानधन. त्या मुलाच्या अर्जाला अजून पोच मिळालेली नाही, तारीख आणि प्रत माझ्याकडे आहे, तुमच्या कार्यालयातून कोणी मागितली तर त्याच दिवशी पाठवते.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक प्राध्यापिका,
छत्रपती संभाजीनगर