फुगा चपटा का झाला, हे शिकवणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे भो" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

आपल्या तापीकाठच्या प्रकाशा-सारंगखेड्याच्या पट्ट्यात पुरातल्या बचावाची बोट वर्षातला बहुतेक काळ ताडपत्रीखाली पडून असते. तिकडे वर हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले, की तीच बोट पहिल्या दोरीला सुरू व्हायला हवी. तुम्ही आम्हा पोरांना बोटीच्या मशीनमधली (इंजिनातली) पेट्रोलची वाट दाखवलीत: टाकी, नळी, फुगा, फिल्टर, पंप, कार्बोरेटर. पेट्रोल जसं जातं तसंच बिघाडामागे जायचं, उगाच पाना घेऊन मशीनवर तुटून पडायचं नाही.

नळीत बसवलेल्या, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या त्या रबरी फुग्याचं तर किती सांगू! त्याच्यावरचा बाण मशीनकडे हवा. दाबून घट्ट झाला, की पेट्रोल पोचलं. कितीही दाबला तरी मऊच, तर नळी कुठूनतरी हवा खेचतेय किंवा फुग्यातली झडप गेली. आणि चालत्या मशीनवर चपटा झाला, तर मागे, टाकीच्या बाजूला अडलंय. मागच्या पुरात ऐन धारेत मशीन गचके द्यायला लागलं. पाहतो तर फुगा चपटा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला, फस्सकन हवा आत गेली, फुगा हातात भरत आला. गाडी पुन्हा लायनीवर.

तुम्ही काचेच्या बाटलीत भरून दाखवलेलं ते जुनं पेट्रोलही विसरलो नाही. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की दोन थर होतात आणि इथेनॉल-पाण्याचा थर तळाला बसतो. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. आपलं टू-स्ट्रोक मशीन, ५० ला १ ऑइल मिसळलेलं. पण ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं. खालचा थर मशीनमध्ये गेला तर पिस्टनला वंगणच नाही. वरून ताजं पेट्रोल ओतून हे सुधरत नाही, टाकी रिकामीच करावी लागते. म्हणून आता हंगाम संपला की आम्ही टाकी भरलेली ठेवत नाही. मशीन पाण्याच्या पिंपात चालू करून पेट्रोलची नळी काढतो, कार्बोरेटर कोरडा होऊन ते आपोआप बंद पडेपर्यंत. पिंपाशिवाय नाही, नाहीतर पाण्याच्या पंपाचं रबर जळतं.

बागेची नळी पेट्रोलला लावणाऱ्या गड्याला तुम्ही जे सुनावलंत, ते मात्र इथे लिहीत नाही.

पण सगळ्यात मोठं देणं नाकाचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचते. मग एक ठिणगी पुरते. म्हणून टाकी बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवूनच भरायची, नोझल टाकीच्या तोंडाला टेकवून, वर थोडी जागा सोडून. बिडीवाल्याला लांब हाकलायचं. आणि तळाच्या फळीपाशी वाकून, तुमच्याच शब्दांत, "आधी वास ले, मंग दोरी वढ."

यंदा पथकात नवी पोरं आलीत. मी सांगतो ते ऐकतात, पण तुमच्या आवाजाची जरब माझ्यात नाही. पावसाळ्याआधी पिंपात मशीन लावू, त्या दिवशी या. मोटारसायकल घेऊन न्यायला मीच येतो.

तुमचा,
बोटीवरचा एक पोरगा