वीणा खाली ठेवता येत नाही

प्रिय दिल्या,

दोन वर्षं पत्र नाही, काय शिव्या द्यायच्या त्या दे. तब्येत बरी. आईचे गुडघे आहेत तसेच.

यंदा सप्ताहात सहाव्या दिवसाची पंगत आमच्याकडे होती. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. बारा ते दोन वीण्याचा पहारा माझा. मंडपातून सगळं दिसत होतं. पहाटेपासून सडा-सरपण करणाऱ्या भिलाटीतल्या बाया शाळेच्या भिंतीमागे बसलेल्या, गावाचं जेवण उरकल्यावर. बट्ट्या गार होऊन दगड झालेल्या. एक म्हातारी बुक्कीनं फोडत होती. अन्न माझ्या घरचं, आणि मी गळ्यात वीणा घालून उभा. वीणा खाली ठेवता येत नाही ना! किती सोयीचं.

बी.ए.ला असताना याच पंगतीत तू ताटावरून उठला होतास. म्हणालास, साने गुरुजींनी शिकवलं त्या अमळनेरात आपण शिकतो. पंढरपूरचं देऊळ उघडावं म्हणून १९४७ला ते दहा दिवस उपाशी राहिले, आणि तू इथे बट्ट्या वाढतोस? मी अन्नाच्या अपमानावरून भांडलो. सहा महिने अबोला. (माझे तीस रुपये त्यातच बुडाले.)

तर काल्याच्या दिवशी ताट घेऊन त्या बायांच्या पंगतीत जाऊन बसलो. वाटलं, फिटलं. म्हातारीनं पदर पुढे ओढला, घास हातातच. म्हणाली, "तुम्ही उठा ना दादा, आम्हले जेवू द्या."

उठलो रे. भजनी मंडळातले दोघं तेव्हापासून हरिपाठाला येत नाहीत, ते सोड. पण मी तिथं बसलो कोणासाठी, हे सुटत नाही. तू उठलास तेव्हा तुलाही असं झालं होतं का? कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तीच दारात. नातवाचं कॉलेज जातीच्या दाखल्यावाचून अडलंय. ६ सप्टेंबर १९५० आधीचा पुरावा मागतात. तिच्या घरात तेव्हा शाळेत गेलंय कोण? तालुक्याला तीन खेपा झाल्या. एकदा साहेब जेवायला, एकदा सर्व्हर बंद. तिसऱ्यांदा कोतवाल बुकातल्या पानाची नक्कल मिळाली. तिच्या नवऱ्याची जन्मनोंद आहे म्हणे, १९४३ची, पण मोडीत! गावात ज्ञानेश्वरी वाचणारे सतरा, मोडीला एकही नाही. आई विचारते, हरिपाठ सोडून कुठं उंडारतोस.

तू मोडीचा वर्ग लावलास तेव्हा 'आता मेलेल्यांशी गप्पा मार' म्हणून हसलो होतो. मागे घेतो. झेरॉक्स सोबत आहे. नाव आणि जात तेवढी वाच. अक्षर लागलं नाही तर तसं लिही, अंदाज नको.

वहिनींना नमस्कार. पोरीची दहावी झाली का? नव्या घराचं कळलं, पेढे राहिलेत. पत्र मिळताच फोन कर, पुढची खेप सोमवारी आहे.

तुझा,
बाळू