डॉक्टरबाई, पाकिटामागच्या त्या प्रश्नांसाठी

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. दांडिया बाजारच्या तुमच्या सिस्टर वाचून दाखवतीलच.

तुमच्याआधी ज्यांना दाखवलं, त्यांनी रिपोर्ट उभ्याउभ्या पाहिला. "पॉलिप आहे. मुलं झालीत ना? मग गर्भपिशवी काढून टाकू." कॅन्सर तर नाही ना, एवढंच मी विचारलं. तर म्हणे, "तुम्हाला त्यातलं काय कळणार?" सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात मुलींनाही शाळा सक्तीची केली, आणि त्याच बडोद्यात आज हे ऐकायचं!

तुम्ही रिपोर्ट वाचलात, सोनोग्राफीचं पाकीट उलटं केलंत आणि लिहायला लागलात. मला वाटलं, औषधं असतील. ते प्रश्न होते. मीच विचारायला हवे होते, पण भीतीने सुचले नव्हते, ते. पॉलिप एक की जास्त? केवढा? काढायलाच हवा का? दुर्बिणीतून बघून काढणार की नुसतं क्युरेटिंग? काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना? पुन्हा होऊ शकतो का? "दुसऱ्या कुणाला दाखवायचं तर खुशाल दाखवा, त्यांनाही हेच विचारा," म्हणालात आणि पाकीट माझ्या हातात दिलंत. डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा.

मग एकेकाचं उत्तर दिलंत. पॉलिप म्हणजे पिशवीच्या अस्तराचीच वाढ, बहुतेक वेळा साधी. लहान असला, त्रास नसला तर कधीकधी आपोआप जातोही. नुसत्या क्युरेटिंगमध्ये न बघता खरवडतात, म्हणून तो राहून जाऊ शकतो. माझा दीड सेंटीमीटरचा, दोन पाळ्यांच्या मध्येही अंगावरून जायचं, हिमोग्लोबिन आठवर आलेलं. म्हणून काढणं बरं. काढलात. तुकड्याचा रिपोर्ट साधा आला, पिशवी जागेवर आहे. यापुढचं काय लिहू!

हुशार डॉक्टर या शहरात खूप आहेत हो. पेशंटने प्रश्न विचारला की ज्यांना अपमान वाटत नाही, असे मात्र शोधावे लागतात.

एक सांगायचं राहिलं. आमच्या भिशीतल्या एकीची पाळी जाऊन काही वर्षं झाली, तरी मध्येच डाग दिसतो आणि ती गप्प बसलेली. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर थांबायचं नाही, हे तुमचंच वाक्य तिला ऐकवलं, पाकिटाची झेरॉक्सही दिली. सोमवारी येईल तुमच्याकडे. बुजरी आहे, जरा सांभाळून घ्या.

आपली,
रावपुऱ्यातली पेशंट