मोठ्या ल्यूरसाठी रीळ घेताना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उजनीच्या फुगवट्यावर रविवारी गळ टाकायला येणाऱ्या तरुणांच्या हाती अलीकडे साठ-सत्तर ग्रॅमची मोठी ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिषे, दिसू लागली आहेत. मरळ आणि शिवड्यासारख्या शिकारी माशांमागे लागलेल्या या मुलांचा उत्साह पाहून आनंद होतो. मात्र त्यांतले बरेच जण खोक्यावरचे आकडे पाहून रीळ, म्हणजे गळाचा दोरा गुंडाळणारे यंत्र, विकत घेतात आणि काही महिन्यांतच हताश होतात, याचे फार वाईट वाटते.

मीही तसाच फसलो होतो. ‘बारा बेअरिंग’ ही ठळक अक्षरे पाहून घेतलेले माझे पहिले रीळ मोठी ल्यूर ओढून दोनच महिन्यांत खडखडू लागले. उघडून पाहिले, तर आतले दाते झिजलेले होते. बेअरिंगमुळे रीळ हलके फिरते. ताण सोसावा लागतो तो गिअर, मधला दांडा आणि बाहेरचा सांगाडा यांना. पुढे रुंद ओठ असलेले ल्यूर तर मासा लागलेला नसतानाही पाण्यात सतत जोर मागते, आणि प्लॅस्टिकचा सांगाडा त्या जोराने वाकला की दात्यांची पकड सरकते. म्हणून तीन-साडेतीन हजारांत भागवायचे असेल, तर चार-पाचच बेअरिंग असलेले, पण धातूच्या सांगाड्याचे आणि हँडल थेट आट्यांवर घट्ट बसणारे रीळ घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

गिअरचे प्रमाण, म्हणजे हँडलच्या एका फेरीत दोऱ्याचे किती वेढे पडतात ते, ४.७:१ ते ५.२:१ एवढे असावे. ६.२:१ च्या रिळाने दोरा झपाट्याने गोळा होतो हे खरे, परंतु जड ल्यूर दिवसभर ओढताना मनगट भरून येते. आकार ५००० किंवा ६००० चा पाहावा; अर्थात हे क्रमांक प्रत्येक कंपनीत सारखे नसतात, त्यामुळे रीळ हातात घेऊनच ठरवावे. बेटकास्टिंग रीळ (ल्यूर फेकताना ज्याची दोऱ्याची फिरकीच फिरते) या कामाला उत्तम, पण स्वस्तातल्या रिळावर नवख्याचा निम्मा वेळ दोऱ्याचा गुंता सोडवण्यात जातो. त्याने फेकताना फिरकी स्थिर राहणारे साधे स्पिनिंग रीळच घ्यावे.

खोक्यावर छापलेल्या पंधरा किलोच्या ड्रॅगचाही, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरा ताणाखाली सुटू देणाऱ्या ब्रेकचाही, मोह धरू नये. ड्रॅग साधारणपणे दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात, म्हणजे ३० पौंडी (सुमारे साडेतेरा किलो ताण सोसणाऱ्या) ब्रेडेड, अर्थात विणलेल्या, दोऱ्याला साडेतीन ते साडेचार किलो पुरतात. महत्त्वाचे हे, की तेवढ्या ताणावर दोरा हिसके न देता सुटला पाहिजे. दुकानातच ड्रॅग आवळून दोरा हाताने ओढून पाहावा आणि हँडल मागेपुढे हलवून सांगाडा डुगडुगतो का, तेही तपासावे. पैशांचा काही भाग चांगल्या दोऱ्यासाठी राखून ठेवावा, आणि ब्रेडेड दोरा फिरकीवर घसरू नये म्हणून त्याखाली थोडा तंगूस गुंडाळावा.

सोलापुरातील विक्रेत्यांना एकच विनंती आहे. अशा रिळांच्या ड्रॅगच्या चकत्या आणि बेलच्या (दोरा फिरकीवर वळवणाऱ्या तारेच्या) स्प्रिंगा त्यांनी दुकानात ठेवाव्यात. त्या मिळत नाहीत, म्हणून दहा-वीस रुपयांच्या तुकड्यासाठी धडधाकट रीळ अडगळीत टाकावे लागते.

आपला,
एक वाचक, सोलापूर