विकत की भाड्यानं

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय मंदार,

परवा तुझा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून दोन वाक्यांत उरकलं. पण ते दिवसभर मनाला लागून राहिलं. ग्राहकांची बिलं आणि नूतनीकरणं सांभाळणारं बिलिंगचं सॉफ्टवेअर एकरकमी विकत घेऊ की महिन्याच्या भाड्यानं, हे असं घाईत सांगण्यासारखं नाही. तू नोकरी सोडून, स्वतःचे पैसे घालून होस्टिंगमध्ये, म्हणजे लोकांच्या वेबसाइटी आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या धंद्यात, उतरतोयस. म्हणून लिहायलाच बसलो. जरा लांबेल, पण वाच.

मी २०१२ साली घेतलं तेव्हाचा हिशेब सांगतो. कायमचं लायसन्स अडीचशे डॉलरच्या आसपास, लीजवर, म्हणजे भाड्यानं, घेतलं तर महिना सोळा. डॉलर तेव्हा पन्नास-पंचावन्नच्या दरम्यान, म्हणजे तेरा हजारांच्या वर रोख. त्या महिन्यात सुषमाची भिशी लागली होती, त्यातून भरले. कागदावर गणित सरळ होतं. लीजचे वर्षाला १९२ डॉलर होतात. विकत घेतलं तर पहिल्या वर्षी अडीचशे आणि पुढे अपडेट हवे असतील तर वर्षाला शंभरेक. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ३५० विरुद्ध ३८४, पाच वर्षांनी ६५० विरुद्ध ९६०. विकत घेणं स्वस्त, हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. ती वही अजून आहे.

बेरीज बरोबरच होती. चुकला तो ‘मालकीचं’ या शब्दाचा अर्थ. तुझ्या मामांची गिरगावातली पागडीची खोली आठव. सुरुवातीला मोठी रक्कम मोजायची, मग नाममात्र भाडं, आणि आपण म्हणायचं ‘आमची खोली’. पण खोली दुसऱ्याला द्यायची तर घरमालकाची संमती लागते, त्याचा वाटा द्यावा लागतो, आणि इमारत पडायला आली की आपल्या हातात फारसं काही नसतं. हे लायसन्स अगदी तसंच. कोड कंपनीचा, आपल्याला मिळाला तो वापरायचा हक्क, तोही एका डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या एका पत्त्यावर, एका इन्स्टॉलेशनपुरता. फाइली एन्कोड केलेल्या, आत काय चाललंय ते दिसत नाही, एक ओळ बदलता येत नाही. शिवाय सॉफ्टवेअर ठराविक दिवसांनी कंपनीच्या सर्व्हरला विचारून येतं की हे लायसन्स चालू आहे ना. त्या विचारण्याला उत्तर मिळालं नाही, तर आपल्याच ऑफिसचं कुलूप आपल्याला उघडत नाही.

पहिली काही वर्षं खरंच छान गेली, ते नाकारत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९, बाहेरच्याला आयजीएसटी १८, हे मी इनव्हॉइसच्या टेम्प्लेटमध्ये दोन रात्रींत बसवलं. तेवढं टेम्प्लेट तरी उघडं होतं.

अडचण आली ती पीएचपीमुळे, म्हणजे हे सॉफ्टवेअर ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं तिच्यामुळे. तिच्या ५.६ आवृत्तीची सुरक्षा दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ ला थांबली. सर्व्हर नव्या पीएचपीवर न्यायचा तर बिलिंगची जुनी, एन्कोड केलेली आवृत्ती तिथे चालेना. नवी आवृत्ती घ्यावी तर अपडेटची वर्गणी चालू हवी. तोवर कंपनीनं कायमच्या लायसन्सची विक्री बंद केली होती, आणि पुढे आमच्यासारख्या जुन्या मालकांनाही कळवलं की आता लीजवर या. लीजही पूर्वीची राहिली नव्हती, चालू ग्राहकांच्या संख्येवर टप्पे पाडलेले होते. जुनं लायसन्स कुणी हिरावून घेतलं नाही बरं का. ते आजही ‘माझं’च आहे, फक्त ज्या पीएचपीवर ते चालतं ती मी गिऱ्हाइकांची माहिती असलेल्या मशीनवर ठेवू शकत नाही.

हा बदल एकट्या बिलिंगपुरता नव्हता. सीपॅनलचं, म्हणजे सर्व्हरवरची खाती सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं, तुला आठवत असेल. २०१८ मध्ये ती कंपनी ओकली कॅपिटल या गुंतवणूकदारांच्या गटानं घेतली आणि जून २०१९ मध्ये नवे दर जाहीर झाले, १ सप्टेंबरपासून लागू. आधी एका स्वतंत्र सर्व्हरला महिना ४५ डॉलर, मग त्यावर ग्राहकांची पन्नास खाती असोत की पाचशे. २०१९ च्या त्या नव्या दरांत त्याच ४५ मध्ये शंभर खाती, आणि त्यावरच्या प्रत्येकाला २० सेंट. पाचशे खात्यांचा हिशेब तूच कर: ४५ चे १२५ झाले. ज्यांनी स्वस्त दरात शेकडो छोटी खाती सांभाळली होती, त्यांनाच सगळ्यात जास्त झळ बसली. म्हणून लीज घेताना आजच्या हप्त्याकडे नको बघूस. तुझे चाळीसचे चारशे ग्राहक झाले की हप्ता किती होईल, तो आकडा बघ.

शेवटी मीही बिलिंगसाठी लीजवर गेलो. आता त्या लीजची दुसरी बाजू, जी मी अंगावर काढली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांचे नियम बदलले. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. बँकेचे एसएमएस आले होते, मी वाचले नाहीत, चूक सर्वस्वी माझी. लीजचं बिल वळतं झालं नाही. गुरुवारी सकाळी चहाचा कप घेऊन अ‍ॅडमिन उघडलं तर लायसन्स स्थगित असल्याची एक ओळ, बाकी पान कोरं. रात्रीचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, दोन दिवस चाललाच नव्हता. इनव्हॉइस निघाले नाहीत, डोमेनची नूतनीकरणं रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, गेली नाहीत. उद्यमनगरातल्या एका पंपवाल्यांचं डोमेन त्यातच संपलं. त्यांनी फोन केला तो बिलासाठी नाही. म्हणाले, "अहो, पुण्याच्या पार्टीचा मेल परत गेला, आमचं काही चुकलं का?" त्यांनी पैसे वेळेवर भरले होते, मंदार. तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. पैसे भरून डोमेन तासाभरात परत उभं केलं, दुपारी स्वतः जाऊन त्यांना भेटलो. पण त्या दिवशी मला कळलं की माझी खातेवही दुसऱ्याच्या कपाटात आहे आणि किल्ली दर महिन्याला विकत घ्यावी लागते.

तर तू काय करावंस? पहिलं वर्ष लीजच घे. चाळीस ग्राहकांसाठी एवढी रक्कम एकदम अडकवू नकोस. ते पैसे चांगल्या बॅकअपला लाव. पण ज्यांचा कोड बहुतांश उघडा आहे अशांकडे आधी जा. ब्लेस्टा या बिलिंग सॉफ्टवेअरचं बघ: महिन्यानंही मिळतं, कायमचंही मिळतं, आणि लायसन्स तपासणाऱ्या मोजक्या फाइली सोडल्या तर कोड वाचता येतो. फॉसबिलिंग तर मुक्त स्रोतच आहे, लायसन्सचं भाडं नाही. पण तिथे दुरुस्तीला आपलेच हात लागतात, ते तुला जमेल की नाही हे प्रामाणिकपणे ठरव. कायमचं घ्यायचं झालं तर आधी लेखी विचार की अपडेट बंद केले तरी नवीन सर्व्हरवर हलवता येईल का, आणि अपडेटची वर्गणी मध्ये तुटली तर मागची थकबाकी भरावी लागते का. उत्तर गोलमोल आलं तर ते लीजच समज.

दर आठवड्याला डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, स्वतःच्या मशीनवर उतरव, आणि त्यासोबत कॉन्फिगरेशनच्या फाइलमधली एन्क्रिप्शनची किल्लीही जप. ती हरवली तर डेटाबेस हातात असूनही आत साठवलेले सर्व्हरचे पासवर्ड उलगडत नाहीत. हे मी तुला रागावूनच सांगतोय असं समज. डंप घेऊन ठेवणं पुरत नाही, तीन महिन्यांतून एकदा दुसरीकडे चढवून बघायचा.

सॉफ्टवेअर बदलायची वेळ आलीच तर १ एप्रिलचा मुहूर्त धर. इनव्हॉइसचे क्रमांक आर्थिक वर्षात सलग आणि न दुबार होणारे लागतात, मध्येच बदललं की सीएच्या प्रश्नांना उत्तरं देत बसावं लागतं. आणि जीएसटी नंबर घेतलास की परदेशी कंपनीला दिलेल्या भाड्यावरचा १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं, तुलाच भरायचाय. क्रेडिट मिळतं, पण आधी खिशातून जातात.

शनिवारी सांगलीला येतोय, काकूंनाही भेटायचंच आहे. तुझी ती ग्राहकांची एक्सेल काढून ठेव, नावापुढे नूतनीकरणाची तारीख नसेल तर तेवढी भरून ठेव. ब्लेस्टा आणि फॉसबिलिंग दोन्हीवर त्यातले पाच ग्राहक चढवून बघू, मगच पैसे भर.

तुझा,
अभय