आप्पा, इथंही रनरच म्हणतात

हामामात्सु, जपान
रविवार, रात्री

ती. आप्पा व आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. डोळ्याच्या ऑपरेशनमुळं आप्पांना सध्या फोन बघायला बंदी आहे. शिवाय आपल्या घरी फोन लागला की चारजण एकदम बोलायला लागतात आणि माझं सांगायचं तसंच राहतं. म्हणून कागदावर लिहायलोय. धाकटीनं हे मोठ्यानं वाचून दाखवावं. मधलं काही गाळू नये, तिच्याबद्दलचंसुद्धा.

आई, आधी तुझं. मी जेवतो, वेळेवर जेवतो. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी अजून अर्धी बरणी आहे, जपून खातोय. आपला बेळगावचा गोड कुंदा मात्र पहिल्याच आठवड्यात संपला. कंपनीतल्या लोकांना चव दाखवली, त्यांना फार आवडला. भूकंपाचं म्हणशील तर एकदा रात्री पलंग थोडा हलला, लगेच थांबला. शेजारच्या खोलीतलं कुणी उठलंसुद्धा नाही. इथली घरं त्या हिशोबानंच बांधलेली असतात. पाऊस आपल्यासारखाच जूनमध्ये लागलाय, पण त्याला मातीचा वास नाही. संध्याकाळी खिडकीत उभा राहिलो की टिळकवाडीतला आपला पत्रा वाजत असेल असं वाटतं. एवढंच. बाकी मजेत आहे.

आता त्या फोटोचं.

धाकटीनं माझं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस तुम्हाला दाखवलं हे मला कळलंय. टेबलावर चार खोकी, त्यावर रोबोटची चित्रं. आई लगेच म्हणाली, “पगार खेळण्यात घालवायलास काय रे?” आप्पा नुसतं “बरं” म्हणाले. आई, तुझ्या बोलण्याचं मला काही वाटलं नाही. आप्पांचं ते “बरं” मात्र आठवडाभर डोक्यात राहिलं. फाउंड्रीत साच्यासाठी लागणारा लाकडी पॅटर्न चुकीचा बनवून कुणी शॉपमध्ये आणला की आप्पा असंच “बरं” म्हणून बाजूला ठेवायचे, ते मी लहानपणी डबा द्यायला यायचो तेव्हा बघितलंय.

आप्पा, ती खेळणी आहेत हे खरं. पण आत काय असतं ते तुम्ही हातात घेऊन बघावं असं मला फार वाटतं. खोकं उघडलं की सुट्या भागांनी भरलेल्या प्लास्टिकच्या चौकटी निघतात. प्रत्येक भाग बारीक देठानं चौकटीला चिकटलेला. ह्या चौकटीला हे लोक काय म्हणतात माहीत आहे? रनर. आणि त्या देठाला गेट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुकानातच थबकलो. उद्यमबागेत भट्टीपाशी उभं राहून तुम्ही मला जे शब्द शिकवले, तेच इथं ऐकायला मिळाले. साच्यात रस ओतायचा, तो रनरमधून गेटमधून भागापर्यंत पोचतो, गार झाला की काढायचा. तुमचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ह्यांचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक, एवढाच फरक. पक्कडीनं गेट कापून, उरलेलं टोक पॉलिशपेपरनं घासून काढायचं. म्हणजे फेटलिंगच की. बीड गार होताना सुमारे एक टक्का आकसतं म्हणून तुम्ही ती वेगळी पट्टी वापरायचा ना, नेहमीच्या फुटापेक्षा लांब, जिला हात लावला की ओरडा बसायचा? प्लास्टिकही आकसतं, साधारण अर्धा टक्का. तो हिशोब साचा करतानाच धरलेला असतो. नाहीतर गोंद न लावता नुसते दाबून भाग एकमेकांत बसले नसते. आणि ते असे बसतात की बोटाला सांधा लागत नाही.

ही किट शिझुओका नावाच्या शहरात बनतात. माझ्या गावापासून रेल्वेनं सव्वा तास. जपानमधली बहुतेक प्लास्टिक मॉडेल त्याच भागात तयार होतात. त्याचं कारण वाचलं आणि मला तुमचीच आठवण झाली. तिथं जुन्या काळापासून सुतारांची, लाकडावर काम करणाऱ्यांची वस्ती. देवळांच्या बांधकामाला आलेले कारागीर तिथंच राहिले असं तिथले लोक सांगतात. तामिया म्हणून जगभर नाव असलेली कंपनी आहे. ती १९४६ साली सुरू झाली ती लाकडाची वखार म्हणून. मग लाकडी मॉडेल करायला लागले आणि १९६० साली पहिलं प्लास्टिकचं जहाज काढलं. म्हणजे आधी लाकूड ओळखणारा हात, मग साचा. तुम्ही सागवानाच्या फळीवरून नुसता अंगठा फिरवून गाठ कुठं आहे ते सांगायचा, त्याच जातीची माणसं ही. शहरात एक खरी पोस्टाची पेटी किटच्या चौकटीसारखी उभी केलीये, पेटीचे भाग जणू अजून रनरलाच चिकटलेले. मागचं कार्ड मी त्याच पेटीत टाकलं होतं, तुम्हाला माहीत नसेल.

माझ्या फोटोतल्या चार खोक्यांतलं सगळ्यात लहान आहे ते आप्पांसाठी. गुंडाम म्हणून १९७९ साली इथल्या टीव्हीवर कार्टूनची मालिका आली होती. तिच्यातल्या रोबोटचं पहिलं किट १९८० साली निघालं, ३०० येनला. आजच्या भावानं दीडशे-पावणेदोनशे रुपये धरा. त्याच आराखड्याचं किट अजूनही मधूनमधून बाजारात येतं. नवी किट बघाल तर एकाच चौकटीत चार रंगांचे भाग ओतलेले असतात, एका खोक्यात शेकडो तुकडे. पण हे जुनं एकरंगी, हातपाय दोन-दोन अर्ध्यांचे, मधोमध पार्टिंग लाइन. तुमच्या दोन भागांच्या पॅटर्नसारखं. ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून सुटायला ठेवलेला उतार, कुठं दिलाय, कडा कुठं बोजड झालीये, हे तुम्ही मला सांगायचं. ह्याला गोंद लागतो, तो विमानात चालत नाही, रंगाचे डबे आणि थिनरही नाही. ते तिकडंच मागवू. डोळा पूर्ण बरा झाल्यावरच हात लावायचा, आधी नाही.

इथली एक पद्धत मात्र मला अजून नीट कळलेली नाही. ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी बहुतेक खरेदी जुन्या मालाच्या दुकानांतली आहे. नवीन महाग पडतं, लोकप्रिय किट मिळतही नाहीत. रांग लावायची, कधी चिठ्ठी काढतात, माणशी एकच देतात. जुन्या मालाचं दुकान म्हटल्यावर आपल्याला काय वाटतं? वरवर पुसलेलं, आत काय ते नशीब. इथं उलटं. प्रत्येक खोक्यावर चिकटपट्टीनं छोटा कागद लावलेला असतो आणि त्यावर मालातला दोष लिहिलेला असतो. विकणाऱ्यानं स्वतःहून. ‘खोक्याचा कोपरा दबलाय.’ ‘उन्हानं एक बाजू फिकी झालीये.’ ‘आतल्या पिशव्या न उघडलेल्या, माहितीपत्रक नाही.’ मी फोन धरून भाषांतर करत एकेक वाचतो. एका खोक्यावर लिहिलं होतं की डाव्या हाताचा अंगठा नाही. तो अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा असेल. तेवढ्यासाठी किंमत निम्मी केली होती.

हे एवढ्यावर थांबत नाही. पैसे द्यायला गेलं की दुकानातला माणूस खोकं उघडतो, आपल्याकडं वळवतो, कागदावरचा दोष बोटानं दाखवतो आणि विचारतो, चालेल ना? आपण हो म्हटल्यावरच बिल. पहिल्यांदा मला वाटलं माझ्याकडून काहीतरी चुकलंय म्हणून हा अडवायला लागलाय. मी घाईनं मान हलवली तर त्यानं पुन्हा सावकाश दाखवलं. मागं सात-आठ माणसं उभी, कुणी चुळबूळ करत नव्हतं. मी विचार केला, खडेबाजारात असं कुणी केलं तर गिऱ्हाईक म्हणेल, दोष आहे ना, मग अजून पन्नास कमी कर. इथं घासाघीस नाहीच. दोषाची किंमत त्यानं आधीच वजा केलेली असते. मला अजून कळत नाही की हे सगळं लिहायला त्यांना वेळ कसा पुरतो. पण आप्पा, ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेलं हवेचं भोक, पुट्टीनं बुजवून पाठवायला सांगितलं तेव्हा तुम्ही त्या कास्टिंगवर खडूनं गोल काढून ते परत ठेवलं होतं, आणि त्या महिन्यात घरी काय बोलणी झाली होती ते मला आठवतं. त्या कागदांकडं बघताना मला तो खडूचा गोल दिसतो.

धाकटे, आता तुझं. तू रात्री जागून ॲनिमे बघतेस हे आईला माहीत आहे, लपवू नकोस. डीव्हीडी आण म्हणालीस, ती मी घेतली नाही. इथल्या डीव्हीडीचा विभाग वेगळा, आपल्याकडच्या प्लेअरवर चालायची खात्री नाही, आणि बऱ्याच डिस्कवर नुसतं जपानी, खाली इंग्रजी अक्षरंसुद्धा नसतात. पैसे पाण्यात गेले असते. तुझ्यासाठी तोक्योच्या आकिहाबारात एक सेल घेतलाय. युद्धानंतर तिथं रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती, आता मजल्यामागून मजले ह्याच मालाचे. सेल म्हणजे काय, तर कॉम्प्युटरच्या आधी कार्टूनमधलं एकेक चित्र पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर हातानं रंगवायचे, त्यातला एक पत्रा. पुढून रेघ, रंग मागून. उलटा धरला की कुंचल्याचे फटकारे जाड-पातळ दिसतात, कुणीतरी बसून भरलेले. प्रसिद्ध पात्राचा फार महाग होता. हा मागच्या गर्दीतल्या एका मुलीचा आहे, छत्री घेतलेली, १,५०० येनला मिळाला. कागदावर दोष लिहिलाय की मागचा रेखाटनाचा कागद रंगाला चिकटलाय. तो ओढून काढू नकोस, रंग निघून येईल. ताईच्या बारक्याला एक लहान गाडी घेतलीये, त्याला अजून सांगू नका.

एक गोष्ट फोनवर खोटी सांगितली होती. आप्पांच्या ऑपरेशनच्या शनिवारी तुमचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत आणि नंतर कंपनीत होतो म्हणून सांगितलं. कंपनीला सुट्टी होती. मी शिझुओकाच्या दुकानात होतो. तिकडं साडेआठ म्हणजे इथं बारा. फोन बॅगेत होता आणि मी आप्पांचं किट उघडून बघत होतो. ऑपरेशन अकराला आहे असं माझ्या डोक्यात बसलं होतं. बाहेर येऊन फोन बघितला तेव्हा पाय गळाले. दादा सोबत होता, वहिनी डबा घेऊन आली, सगळं नीट झालं, हे मला माहीत आहे. तरी मी तिथं असायला हवं होतं, नाहीतर निदान फोन उचलायला हवा होता.

खर्चाचं स्पष्ट सांगतो म्हणजे आईला झोप लागेल. चारही खोकी, सेल आणि गाडी मिळून १३,००० येनच्या आत. फिरायला आलेल्या लोकांना इथं १० टक्के कर माफ होतो, मला होत नाही, तो धरूनच सांगतोय. जाण्या-येण्याचा खर्च वेगळा, पण तीन महिन्यांत तेवढंच. बाहेर जेवत नाही, स्वतः शिजवतो.

ह्या महिन्यात ८०,००० पाठवलेत, सोमवारी खात्यात दिसतील. त्यातले ३०,००० हॉलच्या ॲडव्हान्सला द्या. धाकटीचं लग्न आहे, एकदाच होणार, अनगोळचा हॉल लहान पडत असेल तर मोठा बघा. २५,००० सोसायटीचा हप्ता आणि मागचा राहिलेला. उरलेले ऑपरेशनच्या बिलात दादाला द्या. त्यानं खिशातून घातलेत आणि तो मागणार नाही. त्याला घ्यायला लावा. मागच्या महिन्यात कमी पाठवले कारण इथल्या खोलीचं अनामत भरावं लागलं. खोक्यांमुळं नाही.

गडहिंग्लजच्या स्थळाचं मामांनी मलाही कळवलंय. मुलगी शिकलेली आहे, घर चांगलं आहे, माझी ना नाही. पण आधी धाकटीचं होऊ दे. तुळशीच्या लग्नानंतर तिची तारीख, मग माझं बघू. पत्रिका जुळते म्हणून त्यांना शब्द देऊ नका, मी गणपतीला येतो तेव्हा भेटून बोलेन. आणि आई, मुलाला नाद आहे, खोकी जमवतो, हे त्यांना आत्ताच सांगून टाक. नंतर कळायला नको.

तिकीट चतुर्थीच्या चार दिवस आधीचं काढलंय. सांब्र्याला उतरेन, दादानं फक्त मोटारसायकल आणू नये, बॅग मोठी आहे.

आप्पांच्या डोळ्यात औषध घालायची वेळ धाकटीनं फोनमध्ये गजर लावून पाळावी. माती-धूळ टाळा, अंगणातली फळी रंधायला काढू नका, मला माहीत आहे तुम्ही काढाल. आज्जीला नमस्कार सांगा, तिच्यासाठी गरम मोजे घेतलेत.

तुमचा
मधला