शरणपूरचा इतिहास वर्गात यावा

महोदय,

गुलामगिरी म्हटलं की आमची मुलं अमेरिकेतली कापसाची शेतं आणि लिंकन सांगून मोकळी होतात. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज क्लासला जातात, पण गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात याच शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली, हे त्यांच्या कानावरही नसतं. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. १८७३ मध्ये आफ्रिकेत तिथले प्रसिद्ध प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधल्या दफनविधीलाही.

यंदा आठवीला मी आणि आमच्या भूगोलाच्या बाईंनी हा विषय जोडतासिकेत घेतला. मोसमी वारे नि पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाचा मार्ग त्यांनी नकाशावर दाखवला, माणसं मी सांगितली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, त्यांची आधीची नावं काय होती?” पुस्तकातल्या स्वाध्यायात असला प्रश्न कधी सापडायचा नाही! शाळेच्या लेखी मात्र ती तासिका ‘अवांतर’.

छत्रपती संभाजीनगरचे शिक्षक मुलांना मलिक अंबरचा इतिहास शिकवतात. हबशाणातून (आजच्या इथिओपियातून) गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. तिथल्या शिक्षकांसोबत आम्हा नाशिककरांना बसवून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी जूनपूर्वी एक कार्यशाळा घ्यावी. चहापाण्याचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू.

– एक इतिहास शिक्षक, नाशिक